आधी टीचरबाईंना विचारा

मागच्या आठवड्यात माझ्या भाचीचा फोन आला. ती अमरावतीला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, तरुणांचा अकरा जणांचा गट दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवस नेपाळला चालला आहे. नागपूरहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा ओलांडायची आणि पुढं बसनं डोंगरातल्या तीन गावांत जायचं. काम मुलांच्या सेवेचं: गाणी, खेळ, बायबलमधल्या गोष्टी, कागदकाम आणि शेवटच्या दिवशी बक्षिसं. "मावशी, तुह्यापाशी फलालीनची ते जुने चित्रं हायेत ना? मले दे ना. पोरायले गोष्ट सांगाले कामी येतीन," ती म्हणाली. फलालीनच्या कापडातून कापलेली, फळीवर चिकटवून गोष्ट सांगायची ती चित्रं. मला लगेच हो म्हणता आलं नाही. "बघते," म्हणून मी फोन ठेवला. तिला वाईट वाटलं असणार. म्हणून हे आधी तिच्यासाठी लिहिते आहे, आणि विदर्भातल्या ज्या मंडळ्या हल्ली आपली तरुण मुलं अशा दौऱ्यांवर पाठवतात, त्यांच्यासाठीही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. परक्या देशात मुलांची सेवा करायला जाऊ नका. त्या मुलांना बाराही महिने शिकवणारी जी कोणी बाई तिथं आहे, तिची सेवा करायला जा. दोन्हींत शब्दांपुरताच फरक आहे असं कुणाला वाटेल. मला तसं का वाटत नाही, ते सांगायचं तर १९९६ सालापासून सांगावं लागेल.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी इतकं खारं की डाळ शिजता शिजत नाही. त्या वर्षी मी पाचवीत होते. जानेवारी महिना होता, कापसाची वेचणी सुरू होती, आणि आमच्या छोट्या मंडळीत परदेशाहून एक गट आला. चौदा जण होते. जीपगाड्यांतून आले, सोबत पाण्याच्या बाटल्यांचे खोके. पाच दिवस रोज दुपारी शिबिर भरायचं. खोटं कशाला बोलू, तेवढी मजा आम्ही कधी केली नव्हती. हातात घालून नाचवायच्या बाहुल्या, गिटार, रंगीत फुगे. रिकाम्या झालेल्या बाटल्या मिळवायला आमच्यात मारामाऱ्या व्हायच्या. मला एक मिळाली होती. तीत आमचंच खारं पाणी भरून ती मी वर्षभर शाळेत नेली.

आमच्या मंडळीत संडे स्कूल घेणाऱ्या एक बाई होत्या. सगळं गाव त्यांना टीचरबाईच म्हणायचं. आठवडाभर लोकांच्या शेतात कापूस वेचायच्या आणि रविवारी आम्हाला शिकवायच्या. पगार नाही, मानधन नाही. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी त्यांच्या नखांच्या कडा कायम फाटलेल्या असायच्या. त्या पाच दिवसांत त्यांना मागं बसवलं होतं. चपला राखायच्या, लहानांना लघवीला न्यायचं, गलका झाला की "चूप बसा" म्हणायचं, एवढंच त्यांचं काम. कोणतं मूल कुणाचं, कोण उपाशी आलंय, कुणाचा बाप दारू पिऊन मारतो, कुणाला अक्षर अजून लागत नाही, हे त्या खोलीत एकट्या त्यांना ठाऊक होतं. मांडवात त्यांना कुणी एक शब्द विचारला नाही.

शेवटच्या दिवशी गटाच्या प्रमुखानं दुभाष्याकरवी विचारलं की प्रभू येशूला मनात कोण घेणार, हात वर करा. बाजूच्या टेबलावर कंपासपेट्या रचून ठेवलेल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी हात वर केले. मी केला, माझ्या पाच वर्षांच्या भावानं केला, आणि माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीनंही केला. ती ख्रिस्ती घरातली नव्हती. आमच्याच अंगणात खेळायची, माझ्यासोबत आली होती. तिचे आईवडील तेव्हा पऱ्हाटीत वेचणी करत होते. एका माणसानं हात मोजून वहीत आकडा लिहिला आणि फोटो काढला. संध्याकाळी तिचे वडील आमच्या दारात उभे राहिले. "माह्या पोरीचा हात कोनं वर कराले लावला?" ते ओरडत नव्हते. हळू आवाजात विचारत होते, त्याचीच जास्त भीती वाटली. बाबांकडे उत्तर नव्हतं. ज्यांच्याकडे होतं त्यांच्या जीपगाड्या चार वाजताच गावाबाहेर पडल्या होत्या. पुढचा आठवडाभर टीचरबाई घरोघर जाऊन हात जोडत होत्या. ती मैत्रीण पुढं दोन वर्षं आमच्या अंगणात आली नाही.

पुढच्या रविवारी टीचरबाईंनी नेहमीप्रमाणे वर्ग उघडला. पहिलाच प्रश्न आला, "आज बाहुल्या नाही काय?" दुसरा आला, "खाऊ?" त्या थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "पाहुने गेले. मांडी घाला." तरी आम्ही नीट बसलो नाही. आमचं मन वर्गात पुन्हा रुळायला पावसाळा उजाडला. आज मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, रविवारी तोच वर्ग घेते, आणि त्या चार-पाच महिन्यांची किंमत मला आता कळते. एखाद्या बाईनं वर्षभर घडी घालून ठेवलेलं लुगडं कुणी पाच मिनिटांत विस्कटून जावं आणि घडी पुन्हा तिनंच घालावी, तसं ते होतं.

आता एक प्रश्न मी प्रत्येक मंडळीच्या पाळकांना विचारते. परदेश दौऱ्यात दवाखान्याचं काम डॉक्टर-नर्सकडे असतं, बांधकाम गवंडीकाम येणाऱ्याकडे असतं. मग मुलांचंच काम सगळ्यांत कोवळ्या, कधी वर्गासमोर उभं न राहिलेल्या मंडळींकडे का सोपवलं जातं? कारण मनात खोल कुठंतरी आपण धरून चालतो की मुलांचं काय, गाणं आणि हातवारे आले की झालं, भाषा आली नाही तरी चालतं. शाळेतल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, सगळ्यांत अवघड वर्ग कोणता? पहिलीचा. मोठ्या माणसाला तुमचं बोलणं पटलं नाही तर तो उठून जाईल, वाद घालेल, निदान मान हलवून मनात दुसरंच ठरवेल. सहा वर्षांच्या मुलाला हे काही करता येत नाही. ते तुमच्याकडे सगळं उघडं ठेवून बसतं. म्हणून त्याच्यासमोर सगळ्यांत जाणत्या माणसानं उभं राहायला हवं. आपल्याच गावात उद्या मराठीचा एक शब्द न येणारी एकवीस वर्षांची अनोळखी मुलं आली आणि म्हणाली, तुमचा पहिलीचा वर्ग दहा दिवस आम्हाला द्या, तर आपण देऊ का? मग नेपाळमधल्या आईनं का द्यावा?

भाची म्हणेल, नेपाळीची लिपी देवनागरीच आहे, वाचता तर येईल. वाचता येईल, खरं आहे. पण वाचता येणं आणि मुलाला समजेल असं बोलता येणं यांत किती अंतर आहे, हे आपल्या भागातल्या जुन्या मिशनच्या माणसांना पुरतं ठाऊक होतं. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले आणि १८६३ मध्ये पुराच्या पाण्यात बुडून वारले. मधली अठरा वर्षं त्यांनी शाळा चालवली, मराठी आत्मसात केली, गोंडांमध्ये गायलं जाणारं लिंगोचं आख्यान टिपून घेतलं. पंडिता रमाबाई तर जन्मानं मराठी. तरी साध्या बायाबापड्यांना कळेल असं बायबल मराठीत आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या आयुष्याच्या शेवटापर्यंत खपत राहिल्या. १९२२ मध्ये त्या गेल्या. या लोकांच्या सगळ्याच मतांशी सहमत व्हायला हवं असं नाही. पण मुलाच्या कानापर्यंत पोचायला किती वर्षं लागतात याचा हिशेब त्यांनी लहान धरला नव्हता.

"पण मुलांना प्रेम तर मिळतं ना?" हा आक्षेप मला सगळ्यांत जास्त ऐकू येतो, आणि तोच मला सगळ्यांत जास्त बोचतो. १९९६ च्या त्या गटात एक तरुण मुलगी होती. माझा धाकटा भाऊ पाचही दिवस तिच्या कडेवर होता. जाताना तिनं त्याच्या मनगटावर गुलाबी दोरा बांधला, रडली, आणि दुभाष्यानं सांगितलं, "ताई परत येणार आहेत." तिला तसं मनापासून वाटत असेल, मला शंका नाही. पुढं कित्येक महिने दर्यापूरची एसटी थांब्यावर आली की हा धावत जायचा, एकेक माणूस उतरताना पाहायचा आणि घरी येऊन आईला विचारायचा, "आज बी नाही आली?" दोरा काळा पडला, तुटला, आईनं तो चुलीत टाकला तेव्हा त्यानं दोन दिवस अबोला धरला. आज तो चौतीस वर्षांचा आहे. ट्रॅक्टर चालवतो. या गोष्टीवर आम्ही घरात कधी हसत नाही. जीव लावून निघून जाण्याची ताकद मोठ्यांमध्ये असते. लहानग्यांकडून तिची अपेक्षा धरणं हा अन्याय आहे.

दौऱ्यानं जाणाऱ्या तरुणाचं आयुष्य बदलतं, असं सांगितलं जातं. बदलत असेलही. मी माझ्या भाचीला जाऊ नको म्हणत नाही. घरापासून दूर जावं, दुसऱ्याच्या ताटात जेवावं, आपला देश बाहेरून कसा दिसतो ते पाहावं, हे सगळं चांगलंच आहे. पण ते तिचं शिक्षण झालं. कुणाच्या तरी मुलाच्या खर्चानं ते होऊ नये.

लूकच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना गावोगाव पाठवतो, तेव्हा काय सांगतो? पिशवी घेऊ नका, झोळी घेऊ नका, ज्या घरी उतराल तिथं पुढ्यात येईल ते खा. म्हणजे तुम्ही त्या गावचे पाहुणे आहात, वाटप करणारे नाही. आपल्या मातीतल्या माणसाला हे समजवायला बायबलही उघडावं लागत नाही. आमच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा गावात शिरायचे ते हातात खराटा घेऊन. दिवसभर गल्ल्या झाडायच्या, रात्री कीर्तन. कीर्तनाचा अधिकार खराट्यानं मिळायचा. भाकर दारोदारची खायचे, तीही खापरात घेऊन. बक्षिसांच्या खोक्यांनी भरलेली जीप घेऊन ते कुठं गेल्याचं कुणी ऐकलं आहे का?

आणि परवानगीचं काय? मी ख्रिस्ती आहे, आणि संविधानाच्या २५ व्या कलमानं मला माझा धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा जो हक्क दिला आहे तो मला मोलाचा आहे. तो कुणी काढून घ्यायला निघालं तर मी बोलेन. पण त्याच संविधानाचं २८ वं कलम सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत अज्ञान मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत बसवायचं तर पालकाची संमती हवी. शाळेला लागणारी ही अट शिबिराच्या मांडवाला लागत नसेल, तरी सभ्यतेची म्हणून आपण ती स्वतःहून पाळायला हवी. आई-बाप शेतात असताना मुलाचा हात वर करवून घेणं ही सुवार्ता नव्हे. आपल्या भागातला संशय काही आजचा नाही. विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि नागपूर राजधानी होती, त्या काळात, १९५४ मध्ये, मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी नियोगी समिती नेमली गेली, १९५६ मध्ये तिचा अहवाल आला आणि त्याचे दाखले आजही दिले जातात. त्या अहवालाशी माझे मतभेद आहेत. तरी एक मला स्वच्छ दिसतं: बेफिकीर पाहुण्याच्या एका दुपारची किंमत गावात मागं राहणारी माणसं पिढ्यानपिढ्या मोजतात.

नेपाळमध्ये तर हे आणखी कडक आहे. तिथल्या २०१७ च्या फौजदारी संहितेनं कुणाचं धर्मांतर करणं किंवा त्यासाठी उद्युक्त करणं हा गुन्हा ठरवला, आणि २०१८ पासून तो लागू आहे. पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. सीमेवर आपल्याला व्हिसा लागत नाही म्हणून आपण तिथं परके नाही, असं समजू नये. कायदा चुकीचा आहे असं माझंही मत आहे. पण शेवटच्या दिवशी 'निर्णयाचं आवाहन' करून अकरा जण गोरखपूरच्या गाडीत बसतील, आणि पोलीस येतील ते तिथल्या पाळकाच्या आणि टीचरच्या दारात. तो धोका पत्करायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या दारात पोलीस येणार त्यांचा आहे.

भाचीच्या कार्यक्रमपत्रिकेत एक दिवस 'बालगृहाला भेट' असाही आहे. तो सरळ काढून टाका, असं मी तिला सांगितलं. नेपाळमध्ये यादवीच्या काळापासून हुमलासारख्या दुर्गम डोंगरी जिल्ह्यांतून मुलं शिक्षणाच्या आशेनं काठमांडूत आणली गेली. कित्येकदा आई-बापांनी पदरचे पैसे दलालाला दिले, आणि तिथं ती मुलं अनाथ म्हणून पाहुण्यांपुढं उभी केली गेली. पाहुणे येतात म्हणून देणग्या येतात, देणग्या येतात म्हणून आणखी मुलं आणली जातात. कंबोडियात २०११ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा अनाथाश्रमांतल्या दर चारपैकी जवळजवळ तीन मुलांची आई किंवा वडील हयात होते. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मुलांच्या हक्कांवरच्या ठरावात अशा स्वयंसेवी पर्यटनाचा धोका नावानिशी मांडला. चांगल्या मनाचे लोकच या चक्राला वंगण घालतात, हे सांगताना मला त्रास होतो, पण सांगायला हवं.

आपल्याला तरी हे समजावून घ्यायला दूर जायची गरज काय? २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, पॅकेज जाहीर झालं. त्या आगेमागे यवतमाळ-अमरावतीच्या खेड्यांत गाड्यांची रीघ लागली होती. ज्या घरात शेतकऱ्यानं जीव दिला त्या घरात लोक येऊन बसायचे, बाईला आणि लेकरांना भिंतीवरच्या फोटोखाली उभं करायचे, त्यांचा फोटो घ्यायचे. माझ्या वर्गात तेव्हा असं एक मूल होतं असं मी म्हणू शकत नाही, मी तेव्हा नोकरीला लागले नव्हते. पण आमच्या नात्यात एक घर होतं. त्या घरची मुलगी दारात गाडी थांबली की आपण होऊन आईशेजारी जाऊन उभी राहायची. तिला कुणी सांगावं लागत नसे. ज्या मुलखानं हे पाहिलं आहे, त्या मुलखातून परदेशी जाणाऱ्यांनी फोनचा कॅमेरा खिशात ठेवावा.

आता त्या फलालीनच्या चित्रांविषयी. १९९६ च्या त्याच गटात एक वयस्क बाई होत्या. त्या मांडवात फारशा पुढं आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या टीचरबाईंच्या शेजारी मागं जाऊन बसल्या, आणि त्या दिवसाचं शिबिर संपल्यावर त्यांच्या घरी गेल्या. दुभाष्या अर्धा तासच होता, बाकी खुणांनी. टीचरबाईंनी त्यांना गोष्ट सांगायला चित्रं नाहीत, हे कसं सांगितलं मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून तीन संध्याकाळी दोघी ओसरीवर बसून कात्रीनं फलालीन कापत होत्या. टीचरबाई सांगतील तसं त्या बाई कापायच्या. मेंढपाळाच्या खांद्यावर घोंगडी आली, ती टीचरबाईंनी सांगितली म्हणून. मेंढरावर कापूस चिकटवला, तो त्यांनी वेचून आणलेला. फळीवर ताणलेल्या फलालीनवर त्या चित्रं लावायच्या तेव्हा ते मेंढरू त्यांच्या खरबरीत बोटांना चिकटून यायचं, आणि आम्हाला वाटायचं ते त्यांना सोडायलाच तयार नाही. त्या चित्रांवर आमच्यानंतरच्या मुलांच्या कितीतरी तुकड्या शिकल्या. टीचरबाई गेल्यावर त्यांच्या मुलानं ती पेटी मला आणून दिली. चौदा जणांच्या पाच दिवसांतून आमच्या गावात काय उरलं म्हणाल तर ही पेटी, आणि ती त्या एका बाईंच्या हातून झाली, ज्यांनी आधी विचारलं.

मग मी भाचीला पुन्हा फोन केला. हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मामाचं मले मालूम नव्हतं." मी तिला एकच काम सांगितलं, त्या तीन गावांत मुलांना शिकवणारं कोण आहे ते पाळकांकडून विचारून घे आणि तिच्याशी बोल. दोन दिवसांनी तिचा निरोप आला. एका गावातल्या टीचरशी हिंदीत बोलणं झालं. नेपाळमध्ये सुट्टी शनिवारी असते म्हणून उपासना शनिवारी आणि मुलांचा वर्गही शनिवारी, हे भाचीच्या गटात कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी रविवारचा कार्यक्रम आखला होता. चार वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची सगळी मुलं तिच्या एकटीच्या अंगावर आहेत. कुणी अगदी लहानांना बाहेर अंगणात खेळवलं तर तिला मोठ्यांना नीट शिकवता येईल, असं ती म्हणाली. आणि भाची नर्सिंगची आहे हे कळल्यावर तिनं विचारलं की जखम कशी बांधायची, भाजलं तर काय करायचं, हे मला शिकवाल का? डोंगर उतरून आरोग्य चौकीपर्यंत जायला तिला अर्धा दिवस लागतो.

चित्रांची पेटी मी दिली नाही. काल दर्यापूरच्या बाजारातून तीन मीटर कोरी फलालीन आणली आहे, तिथल्या टीचरला हवी असेल तर, आणि सोबत एक चांगली कात्री. चुलतभावाच्या शेतातून ओंजळभर कापूस मागून घेतला, सरकी काढून कागदात बांधून ठेवला. त्यांच्याकडे मेंढ्या असतात की च्यांग्रा बकऱ्या, ते भाची तिथं गेल्यावर विचारणार आहे.